तिसरी बाटली

चहा दोनदा झाला, बिस्किटांचा पुडा संपला, तरी मुंगीने पिशवीची चेन काही उघडली नव्हती. औषधांच्या खोलीत एरवी जिथे रोगी बसत त्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. रविवारी दुपारी पुढचं दुकान बंद असे. मधलं दार ओढून घेऊन सगळं घर त्या खोलीत गोळा झालं होतं.

ताई खिडकीपाशी चाळणी घेऊन बसली होती. हाताला काम असलं की लोक आपल्याकडे टक लावून बघत नाहीत, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. आज तर सगळे तिच्यामुळेच जमले होते. तिच्या डाव्या छातीतली गाठ चार महिन्यांपूर्वी वाटाण्याएवढी होती, आता ती अक्रोडाएवढी झाली होती. शस्त्रक्रियेची तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती आणि दुसरी येत्या बुधवारची होती. सर्जनने या वेळी आडपडदा ठेवला नव्हता. पुन्हा ढकलायची असेल तर दुसरा डॉक्टर बघा, म्हणाला होता. ताईने घरात सांगून टाकलं, रविवारी मुंगी प्रयोगशाळेतला शेवटचा निकाल घेऊन येईल, तो ऐकायचा आणि ठरवायचं, सुरी की काढा.

काढा म्हणजे ताईच्या वडिलांचा, अप्पांचा काढा. डोंगरवेलीचा आंबट पाला तांब्याच्या पातेल्यात उकळायचा, रात्रभर त्यातच ठेवायचा आणि सकाळी गाळून बाटल्यांत भरायचा. गाठीवरचं औषध म्हणून अप्पांनी तो जन्मभर दिला आणि अप्पांच्या मागे थोरला भाऊ, दादा, देत होता. पातेल्याचे नियम दोन होते. आतून घासायचं नाही आणि कल्हई लावायची नाही. औषध आणि तांबं यांच्यामध्ये तिसरं कुणी नको, असं अप्पा म्हणायचे. त्यांनी एकदा म्हटलं की घरात त्यावर चर्चा होत नसे.

काढ्याचाही एक नियम होता. तो घेऊन उलटी झाली तर आत गाठ आहे आणि औषध तिला जाऊन भिडलं असं समजायचं. निरोग्याला तो पाण्यासारखा पचतो, असं अप्पा सांगत. आता निरोगी माणूस तो घोटभरसुद्धा प्यायला नसता, इतका त्याला वाईट वास होता. त्यामुळे नियमाचा हा दुसरा भाग कुणी तपासून पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं.

अडतीस वर्षं काढा करायचं काम ताईकडे होतं. लग्न मोडून ती परत आली त्या आठवड्यात अप्पांनी सांत्वनाचं अक्षर न काढता पातेलं तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. तिला त्या वेळी तेच बरं वाटलं होतं.

"मुंगे, काढ आता बाई," दादा म्हणाला. "किती ताणशील?"

दादा उभाच होता. गेल्या दोन-तीन महिन्यांत तो चांगलाच उतरला होता. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं होतं आणि पट्ट्याचं टोक आता कमरेवर लोंबत होतं. ताटात अर्धं तसंच राहतं, असं वहिनी जो भेटेल त्याला सांगत होती. बहिणीच्या काळजीने झुरतोय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ताईला ते पटत नव्हतं. दादा काळजी करायचा तेव्हा जास्तच जेवायचा.

"काका, आधी एक ऐका," मुंगी म्हणाली. "मी चित्रं दाखवते. पण कुठलं चित्र कशाचं, ते आधी सांगणार नाही. तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा."

"परीक्षा घेतेय काकाची," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे मुंगीचा बाप. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, आणि जन्मभर शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबल्यामुळे दुसऱ्याचं बोलणंही मध्येच थांबवायची त्याला सवय लागली होती. "दादा, घाबरू नकोस. पोरगी आपलीच आहे."

या वाक्यावर ताईला हसू आलं. आपलीच आहे म्हणणारा हा धाकटा तीस वर्षं अप्पांच्या काढ्याला पाचोळ्याचं पाणी म्हणत आला होता. याच खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून अप्पांच्या तोंडावर तसं बोलल्यामुळे त्याला घराबाहेर पडावं लागलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग चार महिन्यांपूर्वी मुंगीचा प्रयोगशाळेतून फोन आला. तुमचा काढा कर्करोगाच्या पेशींवर घातला, शंभरातल्या ब्याऐंशी मेल्या, असं ती हसत-रडत म्हणाली. त्या दिवसापासून धाकटा काढ्याचा असा भक्त झाला की गाडी शिकायला येणाऱ्यांनाही गिअर टाकता टाकता तो अप्पांची महती सांगायचा. आणि दादा, ज्याने अप्पांचं औषध परक्याच्या काचेत जाणार नाही म्हणून वर्षभर हट्ट धरला होता, तो आता ब्याऐंशीचा आकडा दर वाक्यात घेत होता. दोघे भाऊ वीस वर्षांनी एका बाजूला आले होते. त्यांनी मिळून ताईची पहिली तारीख पुढे ढकलायला लावली होती, आणि ताईनेही ती ढकलली होती, कारण भाऊ एकत्र बसून बोलतायत हे बघायला तिला आवडलं होतं. खरं सांगायचं तर सुरीची भीतीही होतीच.

उलट्या बाजूला एकटी वहिनी होती. तिने आपलं मत पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, नको असलेली गोष्ट घरातून बाहेर काढावी. त्यानंतर ती त्यावर बोलली नव्हती, फक्त ताईचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावून एका फाइलमध्ये घालून ठेवले होते.

मुंगीने तीन मोठे फोटो काढून टेबलावर मांडले. प्रत्येकात एक पारदर्शक प्लेट होती, पंजाएवढी, तिच्यात शहाण्णव छोटे खळगे. फोटोंच्या कोपऱ्यात एक, दोन, तीन असे आकडे होते.

"प्रत्येक खळग्यात पेशी वाढवल्यात," ती म्हणाली. "एकेका प्लेटमध्ये एकेका बाटलीतलं औषध घातलं, दोन दिवस ठेवलं आणि मग एक पिवळा रंग घातला. पेशी जिवंत असली तर ती त्या रंगाचा जांभळा करते. मेली असली तर पिवळा तो पिवळाच राहतो. एवढं लक्षात ठेवा. वरच्या अर्ध्या ओळी कर्करोगाच्या पेशींच्या आहेत."

"आणि खालच्या?" वहिनीने विचारलं.

"खालच्या निरोगी पेशींच्या, काकू. त्यांचं नंतर बघू."

ताईने चाळणी खाली ठेवली, पण ती उठली नाही. तिला जागेवरून तिसरा फोटो नीट दिसत होता. तो वरपासून खालपर्यंत पिवळा होता. तिने हात पदराला पुसले आणि पुन्हा चाळणी उचलली. या घरात तिसरी बाटली काय आहे हे मुंगीशिवाय फक्त तिला माहीत होतं.

दादाने चष्मा लावला. आधी दुसरा फोटो उचलला, आणि तो सगळा जांभळा बघून लगेच पालथा ठेवला. पहिल्यात मधेमधे जांभळे खळगे होते, तो जरा वेळ बघितला. तिसरा हातात घेतला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला.

"हा," तो म्हणाला. "हा आपला. दुसरा तो तुमच्या तिथल्या कुणीतरी केलेला असणार, काचेत, शास्त्र म्हणून. पहिला बरा आहे, कदाचित पाला जून झाला असेल. पण हा तिसरा अप्पांचा. बघ धाकट्या, एक खळगा सुटलेला नाही."

"एकसुद्धा नाही," धाकटा म्हणाला. "ताई, बघितलंस? जायची गरज नाही बुधवारी."

मुंगीने ताईकडे पाहिलं. मान हलवून परवानगी मागावी तसं पाहिलं, आणि ताईच्या लक्षात आलं की पोरीला हे आपल्या तोंडून काढवत नाहीये. लहानपणी तिला मुंगी म्हणायला लागले ते तिच्या अंगापेक्षा मोठी वस्तू उचलायच्या खोडीमुळे. ही वस्तू मात्र तिला एकटीला पेलणारी नव्हती.

"दादा," ताई म्हणाली, "त्या बाटलीत पाला नव्हता."

"म्हणजे?"

"नव्हता म्हणजे नव्हता. महिन्यापूर्वी मुंगीने मला सांगितलं, पातेल्यात नुसतं पाणी घाल, दोन लिंबं पिळ, नेहमीसारखं उकळ, रात्रभर ठेव आणि बाटलीत भरून पाठव. मी पाठवलं. डोंगरवेलीचं पानसुद्धा त्यात पडलेलं नाही."

दादा फोटो हातात धरून उभा राहिला. मग त्याने तो उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मागे काही नव्हतं.

"पहिली बाटली घरचा काढा," मुंगी आता भराभर बोलू लागली. "दुसरी तोच पाला, त्याच दिवशी तोडलेला, मी स्वतः काचेच्या भांड्यात केलेला. तीनदा केला, काका. तिन्ही वेळा सगळ्या पेशी जिवंत. मला वाटलं पाला चुकला, म्हणून वनस्पती ओळखणाऱ्या सरांकडून तपासून घेतला, तर वेल तीच. मग आमच्या मॅडमनी विचारलं, तुमच्या घरी हे शिजवतात कशात? मी तांबं म्हटल्यावर त्या नुसत्या बघत राहिल्या. मी पहिल्या आणि तिसऱ्या बाटलीतलं तांबं मोजून घेतलं. माणसाच्या पोटाला जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट आहे. पाला आंबट, पातेलं उघडं. ते रात्रभर झिजतं."

"म्हणजे कळकतं," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"कळकतं," तिने पुन्हा म्हटलं. "स्वयंपाकघरात कल्हई गेलेल्या भांड्यात मी दही ठेवते का? चिंच ठेवते का? सून म्हणून आल्यावर सासूबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती हीच. आंबट कळकतं, पोटात गेलं तर ओकारी होते. त्यांनी पण ते पातेलं रोज बघितलं आणि मी पण चाळीस वर्षं बघतेय. ते औषधाच्या खोलीत होतं म्हणून मला वेगळं वाटलं."

दोन खोल्यांच्या मधे चार पावलांचा बोळ होता. बोळाच्या या बाजूला जे विष होतं, ते त्या बाजूला औषध होतं, आणि दोन्ही बाजूंना माणसं तीच होती.

"पण पेशी तर मेल्या," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. "तांब्याने का होईना. कर्करोगाच्या मेल्या ना?"

"खालच्या ओळी बघा, बाबा. निरोगी पण मेल्यात. तेवढ्याच. भांडी धुवायची पावडर घातली असती तरी मेल्या असत्या." मुंगीने चेहऱ्यावरून हात फिरवला. "पहिल्यांदा मी निरोगी पेशी लावल्याच नव्हत्या. ब्याऐंशी आकडा बघितला आणि फोन केला. एकदा आलेला निकाल निकाल नसतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते. तरी केला. आत्याचे चार महिने त्या फोनने गेले."

"तुझ्या एकटीच्या फोनने नाही," ताई म्हणाली. "मी घाबरले होते. मला निमित्त हवं होतं."

धाकटा उठून दारापाशी गेला आणि परत आला. "मी अप्पांच्या काढ्याला पाचोळ्याचं पाणी म्हटलं तेव्हा मला घराबाहेर काढलंत," तो दादाला म्हणाला. "बरोबरच बोलत होतो ना मी?"

"चार महिने तूच ढोल वाजवत होतास," वहिनी म्हणाली. "आता अप्पांवर चढू नका, भाऊजी. त्या माणसाने कुणाला फसवून दिलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं." चाळीस वर्षांत सासऱ्यांची बाजू घेताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. बहुधा तिनेही स्वतःला पाहिलं नसावं. ती कपबशा गोळा करू लागली.

दादा अजून फोटोवरच होता. "यंत्रं चुकतात," तो म्हणाला. "अप्पांनी एवढ्या लोकांना दिलं. उलटी व्हायची, गाठीला भिडायचं. ताईलाच विचार. तिला नाही झाली उलटी? दोन महिने रोज होत होती. मग थांबली. का थांबली? औषधाने काम केलं म्हणून."

"मी घेणं सोडलं म्हणून थांबली," ताई म्हणाली. "लिंबाचं पाणी पाठवायला सांगितलं त्या दिवशी मला उमगलं, पोरीच्या मनात काय आहे ते. तेव्हापासून माझी बाटली मोरीत ओततेय."

"मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तू भांडला असतास. मला पोरीचा निकाल हवा होता."

दादाने फोटो टेबलावर ठेवला, दुकानाकडचं दार उघडलं आणि तो पलीकडे निघून गेला. काउंटरची फळी वर उचलून पुन्हा आपटल्याचा आवाज आला.

ताईने मुंगीला जवळ बसवून घेतलं. जे विचारायचं ते तिने चाळणीकडे बघत विचारलं.

"तुझ्या आजीला मी दिवसातून तीनदा द्यायचे. अकरा आठवडे. शेवटी तिच्या पोटात पाणीही राहत नव्हतं. अप्पा म्हणायचे, आता भिडलंय, थांबू नकोस."

"आजीला आजार होताच, आत्या. तो मोठा होता, कागद आहेत. ती कशाने गेली ते मला आज सांगता येणार नाही. ते मी तपासलेलं नाही, आणि आता तपासता येणार नाही."

"आणि उलट्या?"

"त्या काढ्याच्या असणार."

"बरं," ताई म्हणाली.

तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला काहीतरी होईल, पण तसं काही झालं नाही. आईचा पलंग, पितळी पेला, आणि तो बघितल्यावर आईने मिटून घेतलेले ओठ, एवढं डोळ्यांपुढे आलं आणि तिथेच थांबलं. ओठ मिटल्यावर ती आईला रागवायची. बरं व्हायचा कंटाळा करू नकोस, असं म्हणायची. ही वाक्यं आता आपल्याबरोबरच राहणार, हे तिला शांतपणे कळलं.

तिने कोनाड्यातलं पातेलं खाली उतरवलं. आतून ते हिरवट काळं होतं, बुडाशी थर खरखरीत. ते घेऊन ती मागच्या मोरीवर गेली. स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणि एक लिंबू आणलं, लिंबाच्या दोन फोडी केल्या, पाटावर बसली आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा पातेलं आतून घासायला लागली. डावा हात फार ताणता येत नव्हता, म्हणून पातेलं पायांत धरून ती उजव्याने घासत होती. हिरवं पाणी मोरीकडे वाहू लागलं.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. दादा आहे हे तिला चालीवरून समजलं. आता हा पातेलं हिसकावून घेणार, असं वाटून तिने पाय घट्ट आवळले. पण दादा तिच्यासमोर खालीच बसला, चांगल्या कपड्यांनिशी, ओल्या फरशीवर.

"सध्या किती बाटल्या बाहेर आहेत?" त्याने विचारलं.

"सात घरं. नावं मला पाठ आहेत. उद्या सकाळपासून फिरायला लागलास तर मंगळवारपर्यंत सगळ्या परत येतील. प्रत्येकाला खरं सांगायचं, संपलंय म्हणून नाही. आणि डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं."

"सांगतो." तो थांबला. "सात नाहीत. आठ आहेत."

"आठवं कोण? मी सातच भरते."

"मी भरून घेतो. मोठ्या बाटलीतून." दादा हिरव्या पाण्याकडे बघत होता. "तू घ्यायला लागलीस, तेव्हा तू ओकायला लागलीस की मला बघवेना. म्हटलं बघू तरी काय वाटतं. निरोग्याला काही होत नाही म्हणायचे ना अप्पा. घेतला पेलाभर."

ताईचा हात थांबला.

"मला पण झाली," दादा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी परत घेतला, परत झाली. मग सोडायची हिंमत होईना. तीन महिने झाले, ताई. मी समजतोय की मला पण गाठ आहे. कुठे आहे ते रोज चाचपून बघतो. पोटात असेल असं वाटतं. तुझ्या वहिनीला बोललो नाही. वाटलं, मुंगीचा निकाल चांगला आला की आपण दोघं पण वाचलो."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. पट्ट्याचं लोंबणारं टोक, सैल झालेली कॉलर, आणि अप्पांसारखाच हट्टी जबडा. आपण ज्याला हट्ट समजत होतो ती इतके दिवस भीती होती, हे तिला आत्ता दिसलं. तिला त्याचा राग आला, कीव आली आणि मग हसू आलं. ती हसली तेव्हा छातीत डावीकडे दुखलं, तरी तिला थांबता येईना. दादा आधी दुखावला, मग त्याचेही खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे तिने बघितलं नाही. त्याला ते आवडलं नसतं.

"तुला काही झालेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "तू कळकलेलं पितोयस. पण डॉक्टरला दाखव, आणि आज वहिनीला सांग. मला झालंय ते खरं आहे."

"हो," दादा म्हणाला.

त्याने पातेलं तिच्या पायांतून ओढून घेतलं, लिंबाची उरलेली फोड उचलली आणि घासायला लागला. त्याला घासता येत नव्हतं. आयुष्यात त्याने भांडं घासलं नव्हतं. एकाच जागी तो जोर लावत होता आणि तेवढ्याच जागेवर तांबं लालसर दिसू लागलं होतं. ताईने त्याला तसंच घासू दिलं.

"बुधवारी किती वाजता?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आठला. उपाशीपोटी जायचंय."

"मी येतो."

"ये," ताई म्हणाली. "पण तू खाऊन ये."